पोकळ नळी आणि पोकळ अभिमान

दिवाळीच्या फराळाबरोबर हल्ली पूर्वजांच्या पराक्रमाचाही एक लाडू घरोघरी वाढला जातो. चकली मोडता मोडता कोणीतरी काका सांगू लागतात, "अहो, त्या कार्बनच्या नॅनोनळ्यांचे कौतुक आम्हांला कशाला? आमच्या लोहारांनी त्या शेकडो वर्षांपूर्वीच तलवारीत घातल्या होत्या!" मंडळी माना डोलावतात आणि चिवड्याची बशी पुढे सरकते.

या बोलण्यात सत्याचा अंश आहे, हीच तर पंचाईत! नॅनोनळी म्हणजे कार्बनच्या अणूंची गुंडाळलेली जाळी. केसाहून हजारो पटींनी बारीक, आतून पोकळ, तरी पोलादाहून चिवट. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली तिच्याकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. पुढे २००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे पाउफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १७व्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीच्या पोलादात तशाच नळ्या आढळल्या. अशा तलवारींसाठी लागणारे 'वुट्झ' पोलाद हिंदुस्थानातून जात असे. इथवर काका खरे.

पण वाचकहो, हातून घडणे आणि ठाऊक असणे या दोन गोष्टी एकच काय? दुधाला विरजण लावणाऱ्या आजीने जंतुशास्त्र शोधले, असे आपण म्हणत नाही. आणि तसे न म्हटल्याने तिच्या हाताची चव उणी होत नाही. त्या लोहाराचा हात थोरच होता. मात्र पोलाद असे का उतरते, हे कळण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. अमेरिकन धातुतज्ज्ञ व्हर्होव्हेन यांचे मत असे की, त्या पात्यांवरची नक्षी खनिजातल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या किंचित अंशामुळे उमटे. तसले खनिज मिळेनासे झाले, तेव्हा जुनी कृती तंतोतंत करूनही नक्षी उमटेना, कला बुडाली. कारण ठाऊक नसलेली विद्या अशीच मरते.

आणि ते कारण शोधणार तरी कोण? ज्याच्या हाती पोथी होती तो भट्टीजवळ फिरकला नाही. ज्याचा जन्म भट्टीजवळ गेला त्याच्या हाती लेखणी आली नाही. आज ज्याच्या नावाने आपण छाती फुगवतो, त्या लोहाराला आपल्या पणजोबांनी ओटीवर तरी बसू दिले असते काय?

अभिमानच मिरवायचा असेल तर देवघरातला कापूर पाहा. जपानच्या नागोया शहरातील मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी कापरापासून नॅनोनळ्या बनवल्या आणि २००३ साली ती कृती प्रसिद्ध केली. कापूर आणि लोहयुक्त फेरोसीन यांची वाफ, हवा वगळून, रसरशीत तापलेल्या भट्टीत सोडायची. लोखंडाच्या सूक्ष्म कणांवर कार्बनच्या नळ्या वाढू लागतात. आपण पिढ्यान्पिढ्या तोच कापूर उघड्यावर जाळला आणि काजळी पुसून टाकली. कापूर घरात होता. प्रश्न घरात नव्हता.

तेव्हा यंदा आरती झाल्यावर घरातले पोर "कापूर गेला कुठे?" असे विचारील, तर "गप्प बस, प्रसाद घे" म्हणू नका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा, आणि त्याच्याबरोबर शोधायला बसा. त्या अनामिक लोहाराचे ऋण फेडायचे असेल, तर ते असेच फिटेल.