घरचे दूध घरात का नाही?

लोणंदच्या गुरुवारच्या बाजारात शेळी विकायला आलेली एक माउली भेटली. दावणीला म्हैस आहे. पण दोन्ही वेळचे दूध डेअरीला जाते आणि घरात चहा कोराच. "दूध घरी ठेवलं तर हप्ता कशानं भरू, वकीलसाहेब?" हा तिचा सवाल.

दूध-तूप हा आपल्या समाजासाठी नुसता खाण्याचा विषय कधीच नव्हता. जयपूर संस्थानातील चकवाडा गावची हकिकत बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदविली आहे. १९३६ साली तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या बांधवांना जेवण दिले. लाठ्या घेऊन शेकडो हिंदू धावून आले, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना झोडपले. गुन्हा एवढाच, की पानात तूप होते. तूप घेण्याची ऐपत होती, खाण्याचा हक्क नाकारला होता. आज तो हक्क आहे, तरी आपल्या पोरांच्या वाटीत दूध नाही.

अनुसूचित जातींसाठी दुधाळ जनावरांच्या गट वाटपात ७५ टक्के अनुदान आहे. अर्ज जरूर करावा. पण जनावर निवडताना कायदाही पाहावा. गाय १९७६ च्या कायद्यापासूनच कत्तलबंदीत आहे. २०१५ पासून बैल आणि वळूही आले. भाकड संकरित गाय आणि तिचा गोऱ्हा भूमिहीनाने किती वर्षे पोसायचा? म्हैस त्या बंदीत नाही, मात्र सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. ज्याच्याकडे वैरणच नाही त्याने शेळी पाळावी. लेकरांपुरते दूध तीही देते.

खरा प्रश्न वैरणीचाच आहे. गायरान कसणाऱ्याचा कडबा हाच त्याच्या म्हशीचा चारा. जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. मी पाहिलेल्या नोटिशांत तो अपवाद कुठेच नव्हता. आपल्या १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले होते. ते कागद पेटीत ठेवू नका, सुनावणीला न्या.

त्या माउलीबरोबर तिथेच हप्त्याचा हिशेब मांडला. सकाळचे सगळे दूध डेअरीला घातले, तर संध्याकाळचे निम्मे घरी राहते. ती म्हणाली, "मग आधी नातवाला देते."