शुद्ध हरपली नाही, म्हणून काही झालेच नाही?

३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे चेंडू शिवम दुबेच्या शिरस्त्राणावर आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. बदली खेळाडू ‘समान’ होता काय, यावर खूप वाद रंगला; मेंदूला हादरा बसला, म्हणजेच कन्कशन झाले, हे ओळखायचे कसे, यावर फारसे कोणी बोलले नाही. क्रिकेटमध्ये निदान २०१९ पासून अशा बदलीची सोय आहे. पानिपत-सोनिपतच्या पट्ट्यात गावोगाव खेळल्या जाणाऱ्या कबड्डीत टक्कर हा अपघात नसून डावाचाच भाग असतो. मला चिंता वाटते ती तिथल्या मुलांची.

पकडीत बचावपटूचे डोके चढाई करणाऱ्याच्या गुडघ्याजवळ येते. सेकंदाला ३ मीटर वेगाने जाणारे डोके सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबले, तर त्याचे मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३० पट होते. पण एवढ्याने चित्र पूर्ण होत नाही. धडक तिरकी असेल तर डोके गरकन फिरते. कवटी वळते आणि आतला मऊ मेंदू जडत्वामुळे मागे राहतो. त्या पिळाने चेतातंतू ताणले जातात. हाडाला भेग पडत नाही, बहुधा रक्तस्रावही होत नाही. म्हणून सीटी स्कॅन निर्दोष येऊ शकतो. बहुसंख्य खेळाडूंची शुद्धही हरपत नाही.

मग उरते काय? डोकेदुखी, मळमळ, उजेड न सोसणे, धूसर दिसणे, आताच झालेली चढाई न आठवणे. यांतले बरेचसे फक्त खेळाडूलाच जाणवते, आणि ‘मर्द असशील तर ऊठ’ या संस्कारात वाढलेला मुलगा नेमके तेच लपवतो. आमच्या प्रयोगशाळेत कोणी मोजमापाचे एकमेव उपकरण असे बिघडवून ठेवले, तर त्या प्रयोगाला आम्ही प्रयोग म्हणणार नाही. गंमत अशी की, चढाईतला ‘कबड्डी, कबड्डी’चा उच्चार तुटला तर पंचांच्या कानांना तो तत्काळ कळतो, डाव संपल्यावर त्याच मुलाची जीभ अडखळली, तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

१९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्यात रमण लांबा यांच्या डोक्याला चेंडू लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, साधा हादरा नव्हता. पण पहिल्या काही मिनिटांत हा फरक मैदानावर कोण सांगणार?

डॉक्टर नसलेल्यांनाही वापरता यावे असे लक्षणांचे एक पत्रक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ मध्ये सुधारून प्रसिद्ध केले आहे. शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही, एवढा त्याचा आशय. ते हिंदीत आणि मराठीत प्रत्येक संघाच्या भिंतीवर लागावे. खेळाडूला बाहेर बसवण्याचा अधिकार प्रशिक्षकाइतकाच शेजारच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या साथीदारालाही मिळावा; मित्राची नजर भिरभिरली, तर ती सर्वांत आधी त्यालाच दिसते. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, हातपाय लुळे पडणे किंवा झटका यांपैकी काहीही दिसले, तर सामना थांबवून थेट रुग्णालय गाठावे.