कुठलं वडगाव?

मंडळी, आपल्या कार्यक्रमांत चहाच्या टेबलापाशी नवीन ओळख झाली की "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न ठरलेला. समोरचा म्हणतो, "वडगावचा." त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, "कुठलं वडगाव?"

या दुसऱ्या प्रश्नाला पर्याय नाही. एकट्या पुण्याच्या आसपासच बघा. सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, नगर रस्त्याला वडगाव शेरी, आणि मुंबईच्या वाटेवर वडगाव मावळ. १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणून तह करायला लावला, ते हे शेवटचं. कोल्हापूरकडे पेठ वडगाव, बेळगावातही एक वडगाव आहेच. जिथे वड तिथे वडगाव, जिथे पिंपळ तिथे पिंपळगाव! आपल्या पूर्वजांनी नावं ठेवताना डोकं फार शिणवलेलं दिसत नाही.

पण गावं ओळखायची कशी? त्यावर त्यांनी नामी तोड काढली. माणसाला आडनाव असतं, तसं गावालाही दिलं. लोणी काळभोर, लोणी कंद, लोणी भापकर, लोणी देवकर ही तर सरळ त्या त्या गावच्या घराण्यांची आडनावं. शिरूरचंही तसंच. पुणे जिल्ह्यातलं घोडनदीचं शिरूर वेगळं, बीडमधलं शिरूर कासार वेगळं, लातूरमधली शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आणखी वेगळी. विदर्भात कारंजा लाड आणि कारंजा घाडगे. आणि अमरावती जिल्ह्यातल्या दोन चांदूरांनी तर कमाल केली आहे. एकाचं आडनाव बाजार, दुसऱ्याचं रेल्वे!

बुद्रुक आणि खुर्द यांची कथा आपल्याला इथे, आखातात बसून, जास्त जवळची वाटावी. दोन्ही शब्द फारसी. बुद्रुक म्हणजे 'बुजुर्ग', थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. सूक वाकिफमधल्या इराणी दुकानदाराला विचारून बघा, त्याच्या तोंडी थोरल्यासाठी आजही 'बोजोर्ग' हाच शब्द आहे. पंजाबकडे थोरल्याला 'कलां' म्हणतात. भगतसिंगांच्या घराण्याचं गाव खटकड कलां. तुमच्या कंपनीतल्या पंजाबी किंवा पाकिस्तानी ड्रायव्हरला गाव विचारलंत तर एखादा 'कलां' किंवा 'खुर्द' नक्की भेटेल. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, पण गावाच्या नावाला चिकटलेलं बुद्रुक काही सुटलं नाही. 'मौजे वडगाव, तालुका अमुक, जिल्हा तमुक' ही ओळ घ्या. यातले मौजे, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द मुळात अरबी. कसबाही अरबीच. म्हणजे पत्त्यातलं अस्सल मराठी काय, तर वडगाव!

इथल्या मंडळींची पद्धतही फार वेगळी नाही. दोह्याच्या उत्तरेला उम्म सलाल मोहम्मद आणि उम्म सलाल अली अशी दोन गावं आहेत. बर्झान बुरूज बघायला आपण जातो ते मोहम्मदवालं. लोणी काळभोर आणि लोणी कंद यांच्यासारखाच हा प्रकार. आपल्याकडे झाडांची नावं, तर इथे पाण्याची. खोर म्हणजे खाडी, म्हणून उत्तरेला अल खोर शहर आणि दक्षिणेला खोर अल उदैद. कुवेतमध्येही एक दोहा आहे, आणि एक सल्वाही. आपला सल्वा रोड जातो तो मात्र सौदी सरहद्दीवरच्या सल्व्याकडे. तिकडे रशिया-युक्रेनमध्येही अशी नावं ढिगाने. रशियनमध्ये अलेक्सांद्रोव्का, तर युक्रेनियनमध्ये तेच ओलेक्सांद्रिव्का, आणि दोन्हीकडे या नावाची गावं कितीतरी.

हे सगळं गमतीचं असलं तरी मला काळजी वाटते ती वेगळीच. आपण परदेशी आलो की पहिल्यांदा गळून पडतं ते गावाचं आडनाव. पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून गाव आणि राज्य एवढंच छापतात. 'कर्जत, महाराष्ट्र'. आता हे रायगडातलं की अहिल्यानगरचं? मालेगाव नाशिकचं की वाशिमचं? कळंब धाराशिवचं की यवतमाळचं? आष्टी बीडची की वर्ध्याची? कागद काही बोलत नाही. बुद्रुकचं तर इंग्रजीत नुसतं 'बीके' होतं. आपली पोरं विचारतात, "बाबा, बीके म्हणजे बर्गर किंग का?" हसून सोडून देतो आपण.

ज्यांची मुलं इथेच जन्मली त्यांनी जरा विचार करावा. मुलाच्या पासपोर्टवर जन्मस्थान दोहा. गावाचा धागा काय तो बापाच्या कागदावर, आणि तिथेही अर्धाच. उद्या आजोबांच्या नावची दोन एकर जमीन, पडकं का होईना घर, त्यावर वारस म्हणून नाव लावायची वेळ आली, तर हे पोर 'पिंपळगाव, महाराष्ट्र' एवढ्या भांडवलावर कुठल्या कचेरीत जाऊन उभं राहणार? सातबारा आता घरबसल्या संगणकावर बघता येतो हे खरं, पण तिथेही आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव. बसवंत, जोगे की हरेश्वर, हे ठाऊक नसेल तर संगणक तरी काय करणार?

इथे दोह्यात निळ्या पाटीवरचे झोन, रस्ता आणि इमारतीचे आकडे आपल्या सहावीतल्या मुलांनाही पाठ असतात. असायलाच हवेत. पण त्याच वहीत गावाचं पूर्ण नाव, तालुका आणि जिल्हा मराठीत लिहून ठेवायला पाच मिनिटं लागतात. सोबत गट नंबर असेल तर उत्तमच. तो नक्की कुठला, हे आजी-आजोबांना या सुट्टीत विचारून घ्या. फोनवर नको, समोर बसून. कारण एका प्रश्नावर तासभर गोष्टी निघतात.

असो. तुमच्या गावाचं आडनाव काय आणि ते कशावरून पडलं, हे चार ओळींत लिहून पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे. आणि वडगावकरांनो, तुम्ही मात्र पत्राच्या माथ्यावरच सांगा, कुठलं ते!