हात मागे घ्यायलाही वेळ लागतो

सुगी आली की खळ्यावर मळणी यंत्र घरघरू लागते. पेंढ्या सोडणारा गडी सरावाचा असतो. त्याला "जपून रे" म्हटले, तर तो हसून म्हणतो, "हात मागं घ्यायला कितीसा वेळ लागतोय!" शेतकरी बंधुभगिनींनो, तो वेळ घरीच मोजून पाहा.

मुलांच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. एकाने ती वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. दुसऱ्याने खाली शून्याच्या आकड्यापाशी अंगठा व बोट उघडे धरावे, पट्टीला लावू नये. आता पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी व दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर खाली जाते तेव्हा सेकंदाचा पाचवा हिस्सा सरलेला असतो. ३० सेंटिमीटरला पाव सेकंद. बहुतेकांची चिमटी याच्याच आसपास बसते.

एवढा वेळ जातो कुठे? डोळा पाहतो, निरोप मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो, मेंदू ठरवतो आणि हुकूम हाताच्या स्नायूंपर्यंत पोचतो. हा उशीर पैलवानालाही चुकत नाही.

आता यंत्राकडे पाहा. ड्रम मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर पाव सेकंदात त्याचे अडीच फेरे होतात. बांगडी, पदर किंवा सदऱ्याची बाही पेंढीत गुंतली, तर ते उमगेपर्यंत हात आत ओढला गेलेला असतो. शिवाय पट्टी पकडताना आपण टपून बसलेलो असतो. खळ्यावर मन दुसरीकडे असते, झोप अपुरी असते. त्यात कोणी दारू घेतली असेल, तर उशीर आणखी वाढतो.

म्हणून चपळाईवर विसंबू नये, अंतर राखावे. पेंढ्या आत सरकवायची पत्र्याची पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब असावी व ड्रमकडचा तिचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानक सांगते. संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, त्यातही मळणी यंत्राचा समावेश आहे.

भाड्याचे यंत्र खळ्यावर आले की आधी पन्हळ मोजावी. आखूड किंवा उघडी असेल तर यंत्र सुरूच करू देऊ नये. बायकांनी पदर खोचावा, बांगड्या काढून ठेवाव्यात; गड्यांनी बाह्या दुमडाव्यात. पेंगणाऱ्याला यंत्रापुढून उठवावे. मळणी एक दिवस लांबली तर चालते. गेलेली बोटे परत येत नाहीत.