जिना झाला, पण भार पेलेल का?

आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी माळ्यावर जायची गंजकी लोखंडी शिडी काढून सिमेंटचा जिना घालून घेतला. मिस्त्रीने पाचव्या दिवशीच टेकू काढले. चार तरण्या पोरांना जिन्यावर उड्या मारायला लावल्या आणि म्हणाला, "बघा मावशी, हत्ती चढला तरी हलत नाही!" मावशींचे समाधान झाले. माझे झाले नाही.

मी बी.कॉम. झालेला कारकून, इंजिनिअर नव्हे. पण वस्तीतल्या घरांच्या कामांसाठी इंजिनिअर लोकांकडे खेटे घालताना जे शिकलो ते सांगतो.

उड्या मारून जिन्याची परीक्षा होत नाही. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात. भारतीय मानक 456 प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकूसुद्धा किमान 7 दिवस ठेवायचे असतात आणि पाणीही तितके दिवस तरी मारायचे असते. कोवळ्या काँक्रीटवर उड्या म्हणजे आपणच तडे पाडणे. शिवाय आज चार पोरे पेलली म्हणून लग्नाच्या दिवशी वीस माणसे पेलतील असे नाही.

माल कालवतानाही नजर ठेवावी. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी, आणि 50 किलोच्या पोत्याला ओल्या वाळूतले धरून 30 लिटरच्या आत पाणी. माल पातळ केला की ओतायला सोपा जातो, पण काँक्रीट कमजोर होते.

खरी मेख सळयांत असते. जिन्याचा तिरपा स्लॅब वरच्या लादीला मिळतो, तिथे खालच्या अंगाने कोन पडतो. त्या कोनातून खालची सळई नुसती वाकवून पुढे नेली, तर भार आल्यावर ती सरळ व्हायला बघते आणि खालचे काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणून दोन्हीकडच्या सळया तिथे एकमेकींना ओलांडून स्लॅबच्या वरच्या अंगात खोल नेतात. एकदा काँक्रीट ओतले की हे डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा ओतण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मिस्त्री रागावला तर रागावू दे!

जिना आधीच झाला असेल तर खालून बघा. वरच्या कोनात किंवा मधोमध आडवी चीर, उघडी सळई, खडीची भोके, ठोकल्यावर पोकळ आवाज, यातले काहीही दिसले तर वापर थांबवून टेकू परत लावा. लादी कशावर टेकली आहे हेही पाहा. चार इंची भिंतीत दोन इंच खाच पाडून बसवली असेल तर तो आधार नव्हे. वरून गिलावा करून चीर बुजवू नका. इंजिनिअरला मग काय दाखवणार?

मावशींच्या मुलाने सुदैवाने फोटो काढले होते. सळई कोनात सरळ वाकवलेली स्पष्ट दिसत होती. इंजिनिअरने पाहताच टेकू परत लावायला सांगितले, वरचा सांधा फोडून सळया नव्याने बांधून घेतल्या. खर्च झालाच, मिस्त्रीशी भांडणही झाले. अर्धे पैसे त्याने सोसले. तोवर घरातल्यांची चढउतार त्याच गंजक्या शिडीवरून चालली होती. नशीब, मावशींनी ती भंगारात घातली नव्हती.