पहिलें यंत्र व त्याची मोटर

गेल्या दोन वर्षांत आमच्या शाळेच्या कार्यशाळेंत एक लहानसें सी.एन.सी. यंत्र उभें राहिलें, हें बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. संगणकाच्या आज्ञेप्रमाणें लाकूड अथवा पातळ ॲल्युमिनियम कोरणारें हें यंत्र पाहावयास पालक येतात, माजी विद्यार्थी येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मोटर कोणती घातली, सर ?" प्रश्न साधा आहे, परंतु तो पहिला नसून शेवटचा असावा असें आमचें मत झालें आहे, आणि हें मत आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. ज्यांच्या घरीं किंवा शाळेंत असें पहिलें यंत्र करण्याचा विचार चालला असेल, त्यांच्यासाठीं तें येथें मांडीत आहों.

प्रथम आमची चूक सांगावी हें बरें. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीची रक्कम हातीं येतांच आम्ही मोटरींच्या खरेदीस धांवलों. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदारानें "मोठीच घ्या, नाहीं तर मागाहून पस्तावाल" असा सल्ला दिला, व तो आम्हांस लगेच पटला. कारण मोठी वस्तु घेतली म्हणजे पैसा वाया जात नाहीं, ही समजूत आमच्याही हाडींमासीं खिळलेली आहे. नेमा २३ या मापाच्या, ७६ मिलिमीटर लांबीच्या, २.८ अँपिअर प्रवाह घेणाऱ्या मोटरी घेतल्या. त्यांना टी.बी. ६६०० जातीचे ड्रायव्हर घेतले. येथवर देणगी संपत आली. मग वीजपुरवठ्याचा डबा नवा कशाला, असा काटकसरीचा विचार करून प्रयोगशाळेच्या कपाटांत पडलेला १२ व्होल्टांचा एक डबा जोडून दिला. मोटरी फिरल्या, मुलांनीं टाळ्या पिटल्या, आणि आम्ही धन्य झालों.

स्नेहसंमेलनाकरितां शाळेच्या नांवाचा सागवानी फलक या यंत्रावर कोरावयाचा ठरला. दहावींतील एका विद्यार्थ्यानें तीन आठवडे खपून अक्षरें स्वतः आरेखिलीं. फलक कोरून निघाला तेव्हां पहिला शब्द सुरेख होता. दुसऱ्या शब्दाची शिरोरेषा तीन मिलिमीटर खालीं उतरली होती, आणि तिसऱ्याची त्याहूनही खालीं. रोमन लिपींत ही चूक कदाचित् झांकली गेली असती. आपल्या देवनागरींत मात्र शिरोरेषा ही न्यायाधीशासारखी डोक्यावर बसलेली असते. तिच्यापासून कांहीं लपत नाहीं. संमेलन दोन दिवसांवर आलेलें, लाकूड वाया गेलेलें. आम्हीं त्या मुलाला सर्वांदेखत विचारिलें, "आरेखन नीट तपासलें होतेंस का ?" तो कांहीं बोलला नाहीं. पुढें दोन रात्री त्यानें तीं अक्षरें बिंदुगणिक तपासलीं, असें त्याच्या आईकडून आम्हांस मागाहून कळलें. आरेखन निर्दोष होतें. दोष आमच्या १२ व्होल्टांचा होता.

हा दोष कसा घडला तें समजून घेण्याजोगें आहे. स्टेपर मोटर ही पंख्याच्या मोटरीसारखी अखंड फिरत नाहीं. ती पावलें टाकते. नेहमींच्या मोटरीचें एक पाऊल १.८ अंशांचें, म्हणजे एका फेऱ्यांत २०० पावलें. प्रत्येक पावलासाठीं आंतील तारेच्या वेटोळ्यांतील प्रवाह बदलावा लागतो, आणि वेटोळें या बदलास विरोध करितें. या विरोधास इंडक्टन्स म्हणतात, व तो मिलिहेन्रींत मोजतात. आमच्या मोटरीचा इंडक्टन्स ३.२ मिलिहेन्री. आतां आमच्या स्क्रूचा लीड, म्हणजे एका फेऱ्यांत तो यंत्राला जितका सरकवितो तें अंतर, ५ मिलिमीटर आहे. एका शब्दाकडून दुसऱ्या शब्दाकडे जातांना मिनिटाला २००० मिलिमीटर ही गति आम्हीं ठेविली होती. म्हणजे मिनिटास ४०० फेरे, म्हणजे सेकंदास सुमारे १३३३ पावलें. एका पावलाच्या वांट्यास एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा पाऊण हिस्सा आला. आणि १२ व्होल्टांनीं त्या वेटोळ्यांत २.८ अँपिअर प्रवाह चढवावयास काळ किती लागतो ? ३.२ गुणिलें २.८ भागिलें १२. उत्तर तेंच, पाऊण सहस्रांश सेकंद! तारेचा रोध व फिरत्या चुंबकामुळें उलट निर्माण होणारा दाब धरला तर याहूनही अधिक. म्हणजे मोटरीच्या अंगांत बळ येईपर्यंत पाऊल टाकण्याची वेळ निघून जात होती. कांहीं पावलें ती टाकीतच नव्हती. आणि हें संगणकास कळण्याचा मार्ग नव्हता. कारण साध्या स्टेपरच्या मांडणींत संगणक आज्ञा देतो, ती पाळली गेली कीं नाहीं हें विचारीत नाहीं.

पुढें ३६ व्होल्टांचा डबा आणिला. तोच हिशेब आतां पाव सहस्रांश सेकंदावर आला, आणि यंत्र त्याच गतीनें, त्याच मोटरींवर बिनचूक चालूं लागलें. अनुभवी लोक एक ढोबळ नियम सांगतात : इंडक्टन्सच्या मिलिहेन्रींचें वर्गमूळ काढावें व ३२ नें गुणावें, जितकें उत्तर येईल तितक्या व्होल्टांच्या वर जाऊं नये. आमच्या मोटरीस हें ५७ येतें. परंतु आमचे ड्रायव्हर ४२ व्होल्टांपर्यंतचेच. शिवाय धांवती मोटर थांबतांना थोडी वीज उलट पाठविते, तिला जागा राहावी म्हणून ३६ वर थांबलों. सांगावयाचा मुद्दा हा, कीं मोटरीच्या किंमतीपेक्षां पुरवठ्याच्या डब्याकडे आधीं पाहावें. दुकानांत मात्र मोटर हातांत घेऊन जोखतात. डबा कोणी जोखीत नाहीं.

नेमा या शब्दाविषयींही गैरसमज फार आहे. नेमा १७ किंवा २३ हा आंकडा बळाचा नव्हे; तो केवळ मोटरीच्या तोंडाच्या चौकोनाचें माप सांगतो. १७ म्हणजे १.७ इंच, सुमारे ४२ मिलिमीटर; २३ म्हणजे २.३ इंच, सुमारे ५७ मिलिमीटर. लांबी, प्रवाह व पिळाचें बळ, ज्यास कारखान्यांत टॉर्क म्हणतात, तें निराळें वाचावें लागतें. आणि कागदावर छापलेला टॉर्क हा मोटर उभी असतांनाचा असतो. गति वाढली कीं तो ओसरतो. मोठ्या मोटरीचा तर बहुधा लवकर ओसरतो, कारण तिचा इंडक्टन्स अधिक असतो व आंतला फिरता भागही जड असतो. मोठी मोटर अपुऱ्या व्होल्टांवर चालविणें म्हणजे धिप्पाड बैलास अर्धपोटीं ठेवून नांगराला जुंपण्यासारखें आहे.

बळाचा खरा गुणाकार स्क्रू करितो. अर्धा न्यूटन-मीटर टॉर्क देणारी नेमा १७ ची मोटर घ्या. ती ८ मिलिमीटर लीडच्या साध्या स्क्रूवर बसविली व निम्मी शक्ति घर्षणांत गेली असें धरलें, तर कापणाऱ्या हत्यारास ती सुमारें २० किलोंच्या जोरानें ढकलील. तीच मोटर ५ मिलिमीटर लीडच्या बॉलस्क्रूवर बसवा. त्यांत शेंकडा ९० शक्ति कामीं येते, म्हणून जोर सुमारें ५७ किलो होतो. मोटर तीच, जोर जवळजवळ तिप्पट. अर्थात् त्याच गतीसाठीं या स्क्रूस अधिक फेरे घ्यावे लागतात. फुकट कांहींच मिळत नाहीं. आमच्या यंत्राची मेज ६०० बाय ४०० मिलिमीटर आहे, व त्यावर बहुतेक लाकूडच कोरलें जातें. तेवढ्यास नेमा १७ च्या चांगल्या मोटरी पुरल्या असत्या असें आज वाटतें, आणि वांचलेल्या पैशांत चौकट अधिक भक्कम झाली असती.

म्हणून आमचा क्रम असा झाला आहे : काय कापावयाचें तें आधीं, मग किती गतीनें, मग चौकट व स्क्रू, मग व्होल्ट व ड्रायव्हर, आणि सर्वांच्या शेवटीं मोटर.

सूक्ष्म पावलांचा मोहही आवरावा. ड्रायव्हरवरील लहान खटके सरकवून एका पावलाचे ८, १६ वा ३२ भाग करतां येतात. मुलांना ३२ चा आंकडा फार आवडतो. जास्त भाग म्हणजे जास्त अचूकपणा असें त्यांस वाटतें. तसें नाहीं. ३२ भाग केले तर एका सूक्ष्म पावलाच्या वांट्यास मोटरीच्या बळाचा शेंकडा पांचच भाग येतो. घर्षण त्याहून अधिक असलें तर तें पाऊल जागींच जिरतें. शिवाय आमच्या स्क्रूवर ८ भागांनीं एका मिलिमीटरास ३२० पल्स लागतात, व वर सांगितलेल्या गतीस सेकंदाला सुमारें १०,७००. ३२ भाग केले तर हाच आंकडा ४२,००० च्या पुढें जातो. आणि आमचा नियंत्रक सेकंदास ३०,००० पल्सच देऊं शकतो. आठ भागांत चालणें गुळगुळीत होतें, तेवढें पुरे.

हा नियंत्रक म्हणजे आर्डुइनो उनो नांवाचा तळहाताएवढा बोर्ड. त्याच्या चिपेंत आज्ञावलीसाठीं ३२ किलोबाइटच जागा आहे, आणि तींत ग्रबल ही आज्ञावली बसते. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनीं ती २००९ सालीं लिहिली. पुढें इतरांनीं वाढविली, व ती सर्वांस मोफत आहे. १९५२ सालीं अमेरिकेंत एम.आय.टी.च्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेनें पहिलें असें मिलिंग यंत्र लोकांस दाखविलें, तेव्हां त्याच्या नियंत्रकांत शेंकडों निर्वात नळ्या होत्या व आज्ञा कागदाच्या पट्टींतील भोंकांवरून वाचल्या जात. तें काम आज आमचा विद्यार्थी खिशांत घालून घरीं नेतो.

आमचे एक सहकारी म्हणतात कीं हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. ३०० बाय १८० मिलिमीटर मेजेचीं तयार यंत्रें पेटींत बंद येतात. चार स्क्रू आवळले कीं सायंकाळीं कामास लागतात. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. ज्यांस केवळ नांवाच्या पाट्या करावयाच्या आहेत, त्यांनीं तेंच घ्यावें. परंतु त्या पेटींत मोटरीचे ड्रायव्हर बहुधा नियंत्रकाच्याच बोर्डावर जडविलेले असतात. एक जळला तर सगळा बोर्ड टाकावा लागतो, आणि तो कां जळला हें मुलांस कळत नाहीं. शाळेसाठीं आमचा आग्रह सुट्या ड्रायव्हरांचा आहे. नियंत्रक एका तारेनें 'पाऊल' सांगतो व दुसरीनें 'दिशा'. ड्रायव्हर त्याप्रमाणें प्रवाह सोडतो. ही शृंखला डोळ्यांस दिसली पाहिजे. ज्यांत मोटरीस जोडलेला एन्कोडर चुकलेलें पाऊल पकडतो, अशी महाग मांडणीही आहे. ती घेतली असती तर यंत्र चुकीच्या क्षणींच थांबलें असतें व आमचा फलक वांचला असता, हें मान्य. तरी पहिल्या यंत्रास ती घेऊं नये असेंच आम्ही म्हणूं. व्होल्टांचा हिशेब न करणाऱ्यास ती वारंवार थांबून दाखवील, कारण सांगणार नाहीं.

कांहीं बारीक गोष्टी. मोटरीच्या चार तारांपैकीं जोडीच्या दोन कोणत्या हें कळत नसेल तर कोणत्याही दोन एकमेकींस टेंकवून दांडा बोटांनीं फिरवावा. दांडा जड लागला कीं जोडी सांपडली. हा प्रयोग आठवींतल्या मुलांनाही करूं द्यावा. वीज चालू असतांना मोटरीची तार कधींही काढूं नये. एक ड्रायव्हर आम्हीं असाच गमाविला आहे. मोटर हातास चटका बसण्याइतकी तापली म्हणून घाबरूं नये, ती उभी असतांनाही प्रवाह घेते. मात्र मुलांस आधीं सांगून ठेवावें. तांबड्या टोपीचें आणीबाणीचें बटण मोटरींची व स्पिंडलची वीज तोडणारें असावें, केवळ संगणकास निरोप पाठविणारें नसावें. आणि कोणतेंही काम करण्यापूर्वीं यंत्र पूर्ण गतीनें पन्नास वेळां मागेंपुढें पळवून पेन्सिलीच्या खुणेवर परत येतें का तें पाहावें. ही पांच मिनिटांची परीक्षा आम्हीं त्या संमेलनाआधीं घेतली असती, तर एका मुलाच्या दोन रात्री वांचल्या असत्या.

तो विद्यार्थी आतां आय.टी.आय.मध्यें शिकत आहे. चुकलेला फलक आम्हीं फेंकला नाहीं. कार्यशाळेच्या दारावर तोच टांगला आहे, व नव्या मुलांस तिन्ही शिरोरेषांमधील फरक मोजावयास लावितों. त्या मुलाला आमची चूक आम्हीं त्याच वर्गासमोर सांगितली.

यंदां दुसरें यंत्र करावयाचें आहे, व त्यास लिनक्स-सी.एन.सी. ही मोफत आज्ञावली वापरून पाहावयाची आहे. तीस मागच्या बाजूस प्रिंटरचें जुनें, २५ छिद्रांचें पोर्ट असलेला संगणक चालतो. अशा प्रकारचा जुना डेस्कटॉप कोणा माजी विद्यार्थ्याच्या माळ्यावर धूळ खात पडला असेल, तर तो शाळेच्या कार्यालयांत आणून द्यावा. पडदा नसला तरी चालेल.