ताऱ्यांचा हिशेब आणि श्रमाचे मोल

विश्वात हायड्रोजन सर्वाधिक आहे, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक असते. हे सत्य प्रथम ज्यांच्या हाती लागले, त्या सिसिलिया पेन-गापोश्किन यांचे नाव मात्र फार थोड्यांच्या कानी पडलेले असते. याला विस्मृती म्हणून सोडून देता येणार नाही.

१९०० साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या सिसिलिया पेन केंब्रिजमध्ये शिकल्या. परंतु स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास ते विद्यापीठ १९४८ पर्यंत राजी नव्हते. १९२३ मध्ये त्या अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत गेल्या. तेथे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या असंख्य छायाचित्र-काचा होत्या. त्यांची वर्गवारी अल्प वेतनावर राबणाऱ्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे केली होती. या संचिताला पेन यांनी मेघनाद साहा यांच्या आयनीभवनाच्या समीकरणाची जोड दिली. साहा हेही ढाक्याजवळच्या खेड्यातील एका गरीब दुकानदाराचे पुत्र. १९२५ च्या प्रबंधात निष्कर्ष निघाला : ताऱ्यांत हायड्रोजन धातूंच्या सुमारे दहा लाख पट आहे.

त्या काळचे अधिकारी पुरुष हेन्री नॉरिस रसेल यांनी हे अशक्य ठरविले. पंचविशीतील संशोधिकेला आपलाच निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे प्रबंधात लिहावे लागले. १९२९ मध्ये रसेल वेगळ्या मार्गाने त्याच ठिकाणी पोचले. त्यांनी पेन यांचा उल्लेख केला. श्रेय मात्र दीर्घकाळ रसेल यांच्याच खाती जमा होत राहिले.

इकडे पेन तांत्रिक साहाय्यकाच्या तुटपुंज्या वेतनावर संशोधन आणि अध्यापन दोन्ही करीत होत्या. त्या शिकवीत ते अभ्यासक्रम १९४५ पर्यंत विद्यापीठाच्या पत्रिकेत छापलेही जात नव्हते. प्राध्यापकपद व विभागप्रमुखपद मिळाले ते १९५६ मध्ये. १९७६ साली अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांचा सन्मान केला, तोही रसेल यांच्याच नावाचा! १९७९ मध्ये त्या निवर्तल्या.

गुणवत्तेला अखेर न्याय मिळतोच, असे यावर सांगितले जाईल. परंतु तीस वर्षांचे बुडालेले वेतन कोणी परत केले नाही. त्यांचे श्रम स्वस्त होते ते त्यांचे फळ हलके होते म्हणून नव्हे; स्त्रीला दुसरे दार उघडे नव्हते म्हणून. एका असामान्य स्त्रीने ही भिंत ओलांडली, यावरून भिंत न्याय्य ठरत नाही. तिच्यापाशी किती जणी थांबल्या, याचा हिशेब कोणत्याच वेधशाळेत नाही. वेतन, पद आणि नामनिर्देश हा श्रमिकाचा हक्क आहे. तो मरणोत्तर गौरवाने फिटत नाही.